आधी मतपत्रिका पाहू



निवडणुकीच्या दिवसांत जपानमधल्या एखाद्या उपनगरात सकाळी आठ वाजता झोप मोडते ती भोंग्याने. गल्लीतून एक छोटी व्हॅन सावकाश जात असते. टपावर कर्णे, चारही बाजूंना उमेदवाराच्या नावाच्या पाट्या, खिडकीतून हलणारे पांढरे हातमोजे. आतून एक गोड बायकी आवाज उमेदवाराचं नाव घेतो. पुन्हा तेच नाव घेतो. मग 'कृपा असू द्या', मग 'आभारी आहोत', आणि पुन्हा नाव. रस्ते, कर, महागाई यांबद्दल एक अक्षर नाही. विरोधकावर टीका नाही. रात्री आठच्या ठोक्याला सगळं चिडीचूप.

हे ऐकलं की आपल्याकडे निदान तयारच असतं. जपानी माणूस भिडस्त, वाद टाळणारा. त्याचा प्रचारही तसाच. अमेरिकन माणूस भांडखोर, ब्राझीलचा नाचरा, इंग्रज शिष्ट. आणि आपण? आपण उत्सवप्रिय. चार देशांचे चार स्वभाव सांगितले की वक्ता मोकळा आणि श्रोतेही मोकळे.

आजच्या व्याख्यानाचं म्हणणं असं, की हे निदान फार घाईचं आहे. कुठल्याही देशातला प्रचार समजून घ्यायचा तर आधी तिथली मतपत्रिका पाहावी. मग निवडणुकीचा कायदा पाहावा. मग पैसा कुठून येतो आणि कुठे अडवला जातो, हे पाहावं. एवढं झाल्यावर जे शिल्लक राहील ते खुशाल संस्कृतीच्या नावावर लिहावं. शिल्लक राहतं, यात शंका नाही. पण आपण समजतो त्याच्या मानाने पुष्कळ थोडं.

जपानपासूनच सुरुवात करू. तिथे प्रतिनिधीगृहाच्या मतदारसंघात काय किंवा नगरपालिकेत काय, मतपत्रिकेवर उमेदवारांची नावं छापलेली नसतात. मतदाराच्या हाती कोरी चौकट येते आणि तिच्यात त्याने आपल्या पसंतीचं नाव स्वतः लिहायचं असतं. विचार करा: तुमच्या प्रभागातल्या उमेदवाराचं आडनाव ऱ्हस्वदीर्घासकट लिहून द्या, असं मतदान केंद्रावर सांगितलं तर आपल्यापैकी किती जण निभावतील? म्हणून तिथले कितीतरी उमेदवार प्रचारात आपलं नाव अवघड कांजी अक्षरांत न लिहिता, मुलं पहिल्यांदा शिकतात त्या हिरागानात लिहितात. जो उमेदवार मतदाराच्या कानात आणि बोटांत आपलं नाव बसवू शकत नाही, तो धोरणात कितीही हुशार असला तरी पडतो.

आता कायदा. १९५०चा तिथला निवडणूक कायदा म्हणतो की चालत्या गाडीतून प्रचार करता येणार नाही. अपवाद एकच: नावाचा पुकारा. भाषण करायचं तर गाडी थांबवा. घरोघरी जाऊन मतं मागायला बंदी. प्रतिनिधीगृहासाठी अधिकृत प्रचाराचे दिवस १२, शहराच्या किंवा प्रभागाच्या सभागृहासाठी फक्त ७. भिंतपत्रकं सरकारी फलकावर, आपल्या क्रमांकाच्या चौकोनात लावायची. मतदारांना जेवणखाण द्यायचं नाही. चहा आणि त्याबरोबरचा किरकोळ खाऊ तेवढा चालतो. (आपल्याकडच्या प्रचाराच्या ढाब्यांवरच्या पंगती ज्यांना माहीत आहेत, त्यांनी इथे जरा थांबून त्या चहाचा विचार करावा.) म्हणजे व्हॅनमधली ती बाई नाव सोडून काही बोलत नाही, कारण गाडी चालू असताना तिला दुसरं काही बोलायची परवानगीच नाही. ज्याला आपण भिडस्तपणा म्हणालो, ते कायद्याचं कलम निघालं.

बरं, हे कलम तरी कुठून आलं? घरोघरी जाण्यावरची बंदी १९२५ सालची. त्या वर्षी जपानने २५ वर्षांवरच्या सर्व पुरुषांना मताधिकार दिला आणि त्याच कायद्याने उमेदवाराला मतदाराच्या दारात जायची मनाई केली. हक्क दिला, पण नव्या गरीब मतदारावर विश्वास नव्हता. दारात माणूस गेला की पैसे हातात पडणार, अशी भीती. ती भीती बाळगणारं सरकार गेलं, युद्ध झालं, नवी राज्यघटना आली, स्त्रियांना मत मिळालं. बंदी मात्र आजही जागच्या जागी आहे.

या व्यवस्थेत आपल्यातला एक माणूस उतरला होता. पुण्यात शिकलेले योगेंद्र पुराणिक २०१९ साली टोकियोच्या एदोगावा प्रभागाच्या सभागृहावर निवडून आले. जपानमध्ये निवडणूक जिंकणारे ते पहिले भारतीय वंशाचे उमेदवार. 'पुराणिक योगेंद्र' ही अक्षरं कोण लिहिणार? ते उभे राहिले ते 'योगी' या नावाने: हिरागानातली दोन अक्षरं, संपलं. मराठी माणूस जपानी झाला की जपानी मतपत्रिकेने त्याला तसा करून घेतला, हे ज्याचं त्याने ठरवावं.

आणि कायदा कडक म्हणून सगळे सभ्य वागतात, असंही नाही. २०२४च्या टोकियो राज्यपालपदाच्या निवडणुकीत ५६ उमेदवार उभे राहिले आणि फलकांवर जागाच पुरेना. त्यातच एका छोट्या पक्षाने आपल्या वाट्याच्या जागा देणगीदारांना वापरायला दिल्या. मग त्या गंभीर सरकारी चौकोनांत कोणाच्या लाडक्या कुत्र्याचं छायाचित्र, तर कोणाचं आणखी काही. पुढच्या वर्षी संसदेला भिंतपत्रकांच्या सभ्यतेविषयी कायद्यात दुरुस्ती करावी लागली.

मतपत्रिकेचा मुद्दा फक्त जपानचा नाही. आपलंच पाहा. १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतपत्रिकेवर शिक्काही मारायचा नव्हता. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याचं चिन्ह, आणि मतदाराने आपला कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. बहुसंख्य मतदार निरक्षर होते, म्हणून ही सोय. त्या सोयीतून आपल्या प्रचाराची अख्खी चित्रलिपी जन्माला आली: बैलजोडी, पणती, झोपडी, भिंतीवर गेरूने रंगवलेली चिन्हं. साक्षरता वाढली, यंत्रं आली, चिन्ह मात्र हटलं नाही. चिन्ह हातातून गेलं की पक्षाची काय धावपळ होते, ते महाराष्ट्राने हल्लीच पाहिलं. राष्ट्रवादी काँग्रेस फुटली, घड्याळ अजित पवारांकडे गेलं आणि शरद पवारांच्या पक्षाला 'तुतारी वाजवणारा माणूस' मिळाला. २४ फेब्रुवारी २०२४ला रायगडावर त्या चिन्हाचं अनावरण झालं आणि मग लोकसभेच्या सभांतून खरोखरीच्या तुताऱ्या वाजू लागल्या. ती नुसती हौस नव्हती, दोन-तीन महिन्यांत लाखो लोकांना एक नवं चित्र शिकवायचं होतं. तरी साताऱ्यात घोळ झालाच. तिथे एका अपक्षाचं चिन्ह होतं नुसतं वाद्य, ज्याला लोक पिपाणी म्हणत. त्या अपक्षाला पडलेली मतं शरद पवारांच्या उमेदवाराच्या पराभवाच्या फरकाहून जास्त भरली.

ब्राझीलमध्ये मतदार नाव लिहीत नाही, चिन्हही दाबत नाही. तो यंत्रावर आकडे दाबतो. प्रत्येक उमेदवाराला क्रमांक असतो, म्हणून प्रचार म्हणजे क्रमांकाचं गाणं. त्यात आणखी एक गंमत. तिथे टीव्हीवर जाहिरातीची वेळ विकत घेता येत नाही. सगळ्या वाहिन्यांनी ठरलेला वेळ पक्षांना फुकट द्यायचा आणि तो मुख्यतः संसदेतल्या ताकदीप्रमाणे वाटायचा. मोठ्याला मिनिटं, छोट्याला सेकंद. १९८९च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत एनेयास कार्नेरो नावाच्या हृदयरोगतज्ज्ञाच्या वाट्याला आले जेमतेम पंधराएक सेकंद. त्यात काय सांगणार? टक्कल, काळीभोर दाढी, जाड चष्मा. कॅमेऱ्याकडे रोखून पाहत वेगाने दोन वाक्यं आणि शेवटी गर्जना: माझं नाव एनेयास! निवडणूक ते हरले, पण सगळा देश त्या गर्जनेची नक्कल करू लागला. २००२ साली तेच गृहस्थ साओ पाउलोतून पंधरा लाखांहून अधिक मतं घेऊन संसदेत गेले. प्रमाणशीर पद्धतीत जादा मतं पक्षाला मिळतात, त्यामुळे त्यांच्या मतांवर पक्षाचे आणखी काही जण तरंगत आत आले. त्यांतल्या काहींना स्वतःची हजार मतंही नव्हती.

त्यानंतर २०१०मध्ये तिरिरिका हा सर्कशीतला विदूषक रंगीत टोपी घालून उभा राहिला. संसदेत काय चालतं ते मला ठाऊक नाही, निवडून द्या, मग येऊन सांगतो, अशा थाटाचा त्याचा प्रचार. साओ पाउलोने त्याला तेरा लाखांवर मतं दिली. ब्राझीलचे लोक मिश्कील आहेत, हे खरंच. पण मोठ्या राज्यात शेकडो उमेदवारांच्या यादीतून एकच क्रमांक लक्षात ठेवायचा असेल, आणि तो सांगायला प्रत्येकाला चारदोन सेकंदच मिळत असतील, तर विदूषकाला प्राध्यापकापेक्षा जास्त संधी आहे. हे गणित कुठल्याही देशात असंच सुटेल.

आता इंग्लंडकडे वळू, कारण आपला कायदा बराचसा तिथल्या मुशीतून आला. जपानमध्ये ज्या दारात जायला बंदी, तेच दार ब्रिटिश प्रचाराचं मैदान. कार्यकर्ता मतदारयादी घेऊन घरोघर जातो, घंटी वाजवतो, हा आपला, हा त्यांचा, हा कुंपणावरचा, अशा खुणा करतो आणि मतदानाच्या दिवशी फक्त आपल्यांच्या दारात पुन्हा जातो. ही पद्धत सभ्य वाटते. तिचा जन्म सभ्यतेतून झालेला नाही. चार्ल्स डिकन्सने 'पिकविक पेपर्स'मध्ये ईटनस्विल गावची निवडणूक रंगवली आहे; तिथे दारू, लाच आणि मारामारी यांचा जो महापूर आहे, त्यात अतिशयोक्ती किती आणि बातमी किती, हे वेगळं काढणं अवघड. १८८०ची निवडणूक इतकी खर्चीक आणि भ्रष्ट झाली की १८८३मध्ये संसदेने कायदा करून उमेदवाराच्या खर्चाला कमाल मर्यादा घातली, पगारी प्रचारकांची संख्या बांधून दिली आणि मतदारांसाठी भाड्याच्या गाड्या बंद केल्या.

मग काम करायचं कोणी? फुकट काम करणाऱ्यांनी. त्याच वर्षी हुजूर पक्षाच्या बाजूने प्रिमरोज लीग ही संघटना उभी राहिली आणि तिच्यातर्फे हजारो स्त्रिया दारोदार फिरू लागल्या. त्या स्त्रियांना मताचा हक्क नव्हता, हे लक्षात घ्या. पगारी माणूस कायद्याने हटवला आणि त्याच्या जागी बिनमताची बाई आली.

त्या नव्या व्यवस्थेत १८९२ साली लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून मुंबईचे दादाभाई नौरोजी उभे राहिले. चार वर्षांपूर्वी खुद्द पंतप्रधान सॉल्सबरी यांनी जाहीर भाषणात त्यांच्या रंगाचा उल्लेख करून, असा माणूस इंग्रज मतदार निवडून देणार नाही, असं सुचवलं होतं. दादाभाई निवडून आले ५ मतांनी. पाच मतं म्हणजे एका जिन्यावरची दोन बिऱ्हाडं. दारोदार फिरण्याच्या प्रचाराचं मोल सांगायला याहून चांगला आकडा मिळायचा नाही.

पण कायदा एक फट ठेवतो आणि पैसा ती शोधतो. ब्रिटनने उमेदवाराचा खर्च बांधला. पक्षाच्या देशपातळीवरच्या खर्चाला तिथे थेट २००० सालापर्यंत मर्यादा नव्हती. दुसरीकडे टीव्हीवर राजकीय जाहिरात विकत घेता येत नाही. पक्षाकडे पैसा आहे, टीव्ही बंद आहे. मग तो पैसा जाणार कुठे? रस्त्याकडेच्या भल्यामोठ्या फलकांवर. १९७८च्या उन्हाळ्यात हुजूर पक्षासाठी साची अँड साची या जाहिरात कंपनीने केलेलं ते प्रसिद्ध भित्तिचित्र याच फटीतून आलं: बेकारांच्या कचेरीसमोर लांबच लांब रांग, आणि मजूर पक्षाच्या नावावर कोटी करणारी एक ओळ. रांगेतले बेकार नव्हते, पक्षाचेच तरुण कार्यकर्ते होते. तेही पुरेसे आले नाहीत, म्हणून तीच माणसं पुन्हापुन्हा चिकटवून रांग लांबवली. पुढच्या वर्षी मार्गारेट थॅचर पंतप्रधान झाल्या.

फ्रान्सचा उल्लेख एवढ्यापुरताच: तिथे मतदान केंद्रांबाहेर सर्व उमेदवारांना सारख्याच आकाराचे फलक मिळतात, टीव्हीवर विकत जाहिरात नाही, आणि खर्चाची मर्यादा मोडली म्हणून माजी राष्ट्राध्यक्ष निकोला सार्कोझी यांना न्यायालयाने दोषी ठरवलं. २०१२ साली मर्यादा होती सव्वादोन कोटी युरोंच्या आसपास, खर्च निघाला जवळजवळ दुप्पट. आपल्याकडे खर्चाच्या मर्यादेपायी माजी पंतप्रधान सोडा, माजी सरपंच किती जणांनी शिक्षा भोगलेला पाहिला आहे?

श्रोतेहो, आता आजच्या विषयाचं मर्म. पैसा. इथे अमेरिका आणि भारत शेजारी बसवून पाहायचे आहेत, कारण १९७४ हे वर्ष दोघांनाही सामाईक आहे, आणि दोघांनी त्या वर्षापासून अगदी उलटसुलट नाटक केलं.

अमेरिकेत टीव्हीवरची जाहिरात पहिल्यांदा पद्धतशीर वापरली आयसेनहॉवर यांनी, १९५२ साली. जाहिरातदार रॉसर रीव्ह्ज यांनी आधी आयसेनहॉवर यांची उत्तरं चित्रित केली, आणि मग न्यूयॉर्क पाहायला आलेल्या सामान्य माणसांकडून त्या उत्तरांना साजेसे प्रश्न विचारून घेतले. आधी उत्तर, मग प्रश्न! १९६४मध्ये लिंडन जॉन्सन यांच्या बाजूने फुलाच्या पाकळ्या मोजणारी छोटी मुलगी आणि मागोमाग अणुस्फोट, ही जाहिरात ७ सप्टेंबरला एकदाच दाखवली गेली. पुरेशी झाली. अमेरिकन प्रचार इतका विखारी का, याचंही उत्तर स्वभावात शोधायची गरज नाही. लढत दोघांची असेल तर एकाची बदनामी हा सरळ दुसऱ्याचा नफा. उमेदवार चार असतील तर दोघांची चिखलफेक पाहून मतदार तिसऱ्याकडे जातो. अमेरिकेत शेवटच्या लढतीत बहुधा दोघेच उरतात.

वॉटरगेटच्या लफड्यानंतर, १९७४मध्ये, अमेरिकी काँग्रेसने देणग्यांवर आणि खर्चावर, दोन्हींवर कडक मर्यादा घातल्या. १९७६ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बकली खटल्यात सांगितलं: देणगीवर मर्यादा चालेल, खर्चावर नाही, कारण प्रचारावर खर्च करणं हे बोलण्याच्या स्वातंत्र्यात मोडतं. संसदेने गाठ मारली, कोर्टाने सोडली. त्याच न्यायालयाच्या २०१०च्या एका निकालाने कंपन्या आणि संघटनांनाही स्वतंत्रपणे हवा तेवढा खर्च करायची मुभा मिळाली.

आता दिल्ली. १९७१च्या लोकसभा निवडणुकीत दिल्ली सदर मतदारसंघातून काँग्रेसचे अमरनाथ चावला जिंकले. जनसंघाचे कंवरलाल गुप्ता कोर्टात गेले. ३ ऑक्टोबर १९७४ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: उमेदवाराला माहीत असताना, त्याच्या मूक संमतीने पक्षाने त्याच्यासाठी खर्च केला, तर तो उमेदवाराच्याच हिशेबात धरला जाईल. चावलांची निवड रद्द झाली. देशभरच्या खासदारांच्या छातीत धस्स झालं असणार, कारण त्याच महिन्यात वटहुकूम निघाला, मग कायदा झाला, आणि पक्षाने केलेला खर्च उमेदवाराच्या हिशेबातून बाहेर पडला. तिकडे संसदेने बांधलं आणि कोर्टाने सोडलं. इकडे कोर्टाने बांधलं आणि संसदेने सोडलं. शेवटी दोन्हीकडे पैसा मोकळाच.

मोकळा, पण वेगवेगळ्या वाटांनी, आणि त्या वाटांनीच दोन देशांचे प्रचार वेगळे झाले. अमेरिकेत पैसा उमेदवाराच्या हाती राहिला, म्हणून तो उमेदवाराच्या जाहिरातीत जातो. बेळगावकडचे श्री ठाणेदार मराठी वाचकांना 'ही श्रीची इच्छा' या आत्मकथनामुळे ठाऊक आहेत. २०१८ साली ते मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षांतर्गत निवडणुकीत उतरले आणि स्वतःचे एक कोटी डॉलरहून अधिक त्यात घातले. सुपर बोलच्या सामन्यावेळी त्यांची जाहिरात लागली. तिच्यात मिशिगनचे रहिवासी त्यांचं आडनाव उच्चारायची धडपड करताना दिसत होते. ते तिसरे आले. पुढे २०२२मध्ये डेट्रॉईट परिसरातून ते अमेरिकी काँग्रेसवर गेले. एका पुणेकराला टोकियोत दोन अक्षरं पुरली, आणि बेळगावकराला मिशिगनमध्ये नाव रुजवायला एवढी रक्कम मोजावी लागली.

भारतात उमेदवाराला मर्यादा आहे, मोठ्या राज्यात लोकसभेसाठी ९५ लाख. पक्षाला मर्यादा नाही. आपल्या निवडणूक कायद्याच्या कलम ७७प्रमाणे मान्यताप्राप्त पक्षाच्या ४० 'स्टार प्रचारकां'चा प्रवासखर्च उमेदवाराच्या नावावर पडत नाही. आता सांगा, पक्ष काय करील? हेलिकॉप्टर उडवील. तालुक्याच्या गावी शाळेच्या मैदानावर पांढऱ्या चुन्याचा गोल आखला जातो, दुपारच्या उन्हात माणसं आभाळाकडे पाहत बसतात, मोठा नेता उतरतो, वीस मिनिटं बोलतो, उडून जातो. आपण याला व्यक्तिपूजा म्हणतो, दरबारी मानसिकता म्हणतो. ती असेलही. पण त्या चुन्याच्या गोलाला कलम ७७चाही आधार आहे. स्थानिक उमेदवार व्यासपीठाच्या कडेला हात जोडून उभा असतो, त्याचं एक कारण त्याच्या हिशेबाच्या वहीत सापडतं.

मग संस्कृतीचं काय? तिला अगदीच हद्दपार करायचं का?

करायचं नाही. पण तिच्याबद्दलही सावध राहावं. इंडोनेशियाचे प्रबोवो सुबियांतो २०१४च्या निवडणुकीत घोड्यावर बसून सभेत आले होते. माजी सेनापती, करडा चेहरा. हरले. २०१९लाही हरले. २०२४ला तेच प्रबोवो गोबऱ्या गालांचे आजोबा झाले. कृत्रिम बुद्धिमत्तेने काढलेलं त्यांचं गोंडस व्यंगचित्र फलकाफलकांवर, आणि सभांतून त्यांचा बेढब नाच. सुमारे ५८ टक्के मतं घेऊन जिंकले. दहा वर्षांत इंडोनेशियाची संस्कृती बदलली का? बदलला तो मतदार. २० कोटींहून अधिक मतदारांत निम्म्याहून जास्त चाळिशीच्या आतले होते, आणि सेनापतीची जुनी कारकीर्द त्यांतल्या अनेकांनी पाहिलेलीच नव्हती.

संस्कृती खरी दिसते ती नियमांनी मोकळ्या सोडलेल्या जागेत. ब्रिटनमध्ये निकाल जाहीर होताना सगळे उमेदवार एका मंचावर ओळीने उभे राहतात. २०१७ला पंतप्रधान थेरेसा मे यांच्या शेजारी डोक्यावर काळी बादली घातलेला 'लॉर्ड बकेटहेड' उभा होता. २०२४ला ऋषी सुनक यांच्या मंचावर कचऱ्याचा डबा घातलेला 'काउंट बिनफेस'. अनामत रक्कम फक्त ५०० पौंड, हे खरं. पण पंतप्रधानांनी त्याच्या शेजारी गंभीर चेहऱ्याने उभं राहायचं, हे कुठल्याही कलमात लिहिलेलं नाही. तिथे इंग्रज माणूस दिसतो.

आणि मराठी माणूस? तो १९५७च्या निवडणुकीत दिसला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अमर शेखांचा आवाज आणि अण्णा भाऊ साठ्यांची लेखणी कुठल्या कायद्याने मैदानात आणली नव्हती. पोवाडा, लोकनाट्य, आचार्य अत्र्यांच्या सभेतला तो हशा, हे सगळं इथल्या मातीत आधीपासून होतं. १९६७ला दक्षिण मुंबईत स. का. पाटील यांच्याविरुद्ध जॉर्ज फर्नांडिस उभे राहिले. देवसुद्धा मला हरवू शकणार नाही, असं पाटील म्हणाले, असं सांगतात. फर्नांडिस यांच्या कार्यकर्त्यांनी शहरभर भित्तिपत्रकं लावली की देव नसेल हरवू शकत, पण तुम्ही हरवू शकता. मतदारांनी हरवलं. हजरजबाबीपणाला खर्चाची मर्यादा नसते आणि त्याचा हिशेबही द्यावा लागत नाही.

शेवटचा मुद्दा, कारण घड्याळाकडे संयोजक पाहू लागले आहेत. आतापर्यंत सांगितलेले सगळे नियम जागा, वेळ आणि पैसा यांना कुंपण घालणारे आहेत. दार, गाडी, फलक, भोंगा, प्रवास, हिशेब. आता प्रचार फोनमध्ये शिरला आहे. आपल्या निवडणूक कायद्याच्या कलम १२६प्रमाणे मतदान संपण्याआधी ४८ तास मतदारसंघात प्रचार बंद. पण २०२४ला लोकसभेचं मतदान सात टप्प्यांत, १९ एप्रिल ते १ जून असं चाललं. महाराष्ट्रातच पाच टप्पे. एका मतदारसंघात शांतता आणि शेजारच्या जिल्ह्यातली सभा तिथल्या मतदाराच्या हातातल्या पडद्यावर थेट. २०१९मध्ये समाजमाध्यम कंपन्यांनी स्वेच्छेने एक आचारसंहिता मान्य केली. निवडणूक आयोगाने कळवल्यावर या ४८ तासांतला आक्षेपार्ह मजकूर तीन तासांत काढू, असं तिच्यात म्हटलं आहे. तीन तासांत एक चित्रफीत किती गावं फिरून येते, हे इथे बसलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटाला ठाऊक आहे.

रोमानियात तर हे प्रकरण टोकाला गेलं. २४ नोव्हेंबर २०२४ला राष्ट्राध्यक्षपदाच्या पहिल्या फेरीत कॅलिन जॉर्जेस्कू हे फारसे कोणाच्या खिजगणतीत नसलेले गृहस्थ पहिले आले. सभा नाहीत, फलक नाहीत. टिकटॉकवर मात्र तेच ते. निवडणुकीच्या हिशेबात त्यांनी आपला खर्च दाखवला होता शून्य. ६ डिसेंबरला, दुसऱ्या फेरीच्या दोन दिवस आधी, तिथल्या घटनात्मक न्यायालयाने अख्खी निवडणूकच रद्द केली. परदेशातल्या रोमानियन लोकांचं दुसऱ्या फेरीचं मतदान तेव्हा सुरूही झालं होतं. ते मध्येच थांबवावं लागलं. जॉर्जेस्कू यांना पुढे उभं राहता आलं नाही. मे २०२५मध्ये नव्याने दोन फेऱ्या झाल्या आणि बुखारेस्टचे महापौर, पेशाने गणिती असलेले निकुशोर दान निवडून आले.